याकूबभाईंची डबल शॉकर

बेचाळीस वर्षं मी रत्नागिरीत सायकली दुरुस्त केल्या. एवढ्या वर्षांत चुका झाल्या नाहीत असं म्हणणारा कारागीर एक तर खोटं बोलतो, नाहीतर त्याने काम तरी केलेलं नसतं. एकदा एका गुरुजींच्या सायकलीचा मागचा ब्रेक मी घट्ट करायचा विसरलो. ते मारुती मंदिराच्या उतारावरून थेट एका नारळवाल्याच्या ढिगात गेले. लागलं काही नाही, पण पुढे दहा वर्षं ते माझ्या दुकानासमोरून सायकल हातात धरून चालत जायचे. असल्या चुका कामात होतात. जाणूनबुजून चुकीचा सल्ला मात्र मी एकालाच दिला. त्याबद्दल आजवर कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं. आम्ही मिरकरवाड्याचे खारवी. वडील, काका, थोरला भाऊ, सगळे समुद्रावर जाणारे. मला मात्र बोट लागायची. खारव्याच्या पोराला बोट लागणं म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तऱ्याला भिण्यासारखं. वडिलांनी दोन हंगाम वाट बघितली आणि मग मला गाडीतळाजवळच्या एका सायकलवाल्याच्या हाताखाली ठेवलं. तो म्हातारा झाल्यावर दुकान माझ्याकडे आलं. लोक मला नाना म्हणायला लागले.

या धंद्याची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. काम चांगलं केलं की माणूस परत दिसत नाही. रिमचा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, नीट काढला, बेअरिंगला ग्रीस व्यवस्थित भरलं, की गिऱ्हाईक सहा महिने तिकडेच. माझी बायको सुलभा होती तोवर याचं मला काही वाटायचं नाही. दुपारी घरी गेलं की ताटावर बसल्या बसल्या दिवसभराचं सांगायला माणूस होतं. एक वकीलसाहेब माझ्याकडे दर महिन्याला सायकलीला तेल द्यायला यायचे. सायकल ते कधी चालवायचे नाहीत, नुसती हाताने धरून कोर्टात जायचे. हातात सायकल असली की लोकांना वाटतं पंक्चर आहे, घाईत आहेत, आणि कोणी रस्त्यात थांबवून फुकटचा सल्ला विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे सांगितलं तेव्हा सुलभा एवढी हसली की तिला ठसका लागला.

ती गेल्याला आता सात वर्षं झाली. मुलगी पनवेलला असते. तिचा फोन येतो, "बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या." मी तिला म्हणतो, येतो. जात नाही. तिकडे सकाळी नऊला सगळे बाहेर पडतात आणि मी दारामागे कडी लावून टीव्हीसमोर बसतो. त्यापेक्षा दुकान बरं. पण दुकानातही आता कोण येतं? पोरांना स्कूटर लागते. सकाळी आठला फळी उघडायची, पाने कपड्याने पुसून ओळीत लावायचे, आणि संध्याकाळी तेच पाने तसेच उचलून ठेवायचे. असे कितीतरी दिवस गेले की चहावाल्याखेरीज माझं कोणाशी बोलणं झालं नाही.

अशा दिवसांत याकूबभाई माझ्याकडे यायला लागले.

याकूब सोलकर भाट्याचे. खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला त्यांचं दुमजली घर दिसतं. अठ्ठावीस वर्षं आखातात टगबोटीवर नोकरी. टगबोट म्हणजे मोठ्या जहाजाला ढकलत, ओढत बंदरात आणणारी छोटी बोट. निवृत्त होऊन ते घरी आले तेव्हा घरात कोणी उरलं नव्हतं. दोन्ही मुलगे दोह्याला, आणि नातवंडं सांभाळायला त्यांची बायको, फातिमाभाभी, तिकडेच राहिलेली. त्यांनीही तिकडे तीन महिने राहून बघितलं. मला म्हणाले, "नाना, चौदाव्या मजल्यावर राहायचं. खिडकी उघडत नाय. हवा कसली ती मशीनची. मी परत आलो."

थोरला मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याने त्यांना एक माउंटन बाइक घेऊन दिली होती. पुढच्या चाकाला शॉकर, मागची बाजू कडक. या जातीच्या सायकलीत बिघडण्यासारखं फार नसतं. पुढचा शॉकर खड्ड्याचा मार खातो आणि मागचा मार बसणाऱ्याची पाठ खाते, एवढाच तिचा दोष. याकूबभाई रोज सकाळी नमाज झाला की फणसोपवरून गोळपच्या सड्यावर चढायचे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. गवत वाळलं की दगड वर येतो आणि त्यावरून सायकल चालवणं म्हणजे पाट्यावर बसून मसाला वाटून घेणं. पण त्यांना तीच जागा आवडायची. तिथून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो.

तीन-चार महिन्यांतून एकदा ते यायचे. चेन साफ करायची, ब्रेक बघायचा, अर्ध्या तासाचं काम. मी ते दीड तास लावायचो. ते बाकड्यावर बसून बोलायचे. वादळात टगबोटीची दोरी तुटली तर काय होतं, फिलिपिनो स्वयंपाकी तांदळात काय काय घालतो, असलं काहीबाही. गेले की दुकान पुन्हा सुन्न. मग मी मनात हिशेब करायचो, आता थेट तीन महिन्यांनी.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर ते एक दिवस दुसरीच सायकल घेऊन आले. काळी, जाड नळ्यांची, मागच्या चाकालाही शॉकर असलेली. आमच्याकडे हिला डबल शॉकर म्हणतात.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"झाडगावात बँकेतला एक साहेब राहतो, त्याची. बदली झालीय नागपूरला. तिकडे त्याला साधी सायकल पायजे. म्हणतो, माझी तुम्ही घ्या, तुमची मी घेतो. वर कोणी कोणाला काय द्यायचं नाय." मग ते खुशीत म्हणाले, "काल सड्यावर नेली होती. पाठ दुखली नाय, नाना! गादीवर बसल्यासारखं वाटलं."

"जुनी दिसते."

"बारा वर्षांची हाय. पण कंपनी मोठी. माझ्या सायकलीपेक्षा कितीतरी महागाची होती तेव्हा." त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं. "मला यातलं काय कळत नाय. काय ता खरा सांगा. तुम्ही हो म्हणाल तर हो, नाय तर नाय. उद्या सकाळी साहेबाला सांगायचंय."

मी सायकल स्टँडवर टांगली. डबल शॉकरची मागची बाजू एकसंध नसते. ती सांध्यांवर हलते, दाराच्या बिजागरीसारखी. प्रत्येक सांध्यात बेअरिंग आणि आरपार एक बोल्ट. मी सीट धरून वर उचलली तशी आतून बारीक ‘कट्’ आवाज आला. पुन्हा उचलली, पुन्हा आवाज. सांधा खाल्लेला होता. शॉकरच्या दांड्यावरून नख फिरवलं तर ओरखडा लागला, म्हणजे तेल धरणारं सील आज ना उद्या जाणार. ते मॉडेल कधीच बंद झालेलं. वर आमची खारी हवा. दोन वर्षांच्या सायकली ज्या हवेत गंजतात तिथे बारा वर्षांच्या सांध्यांचं काय होणार, हे सांगायला कारागीरही लागत नाही.

उत्तर सरळ होतं. तुमची आहे ती ठेवा. पाठ दुखते तर मागे थोडा रुंद टायर घालून देतो, हवा कमी ठेवा, सीटचा दांडा बदलू. एवढ्याने निम्मी दुखणी जातात. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

त्याच वेळी माझ्या मनात दुसरं आलं. ही सायकल घेतली तर हा माणूस दर पंधरा दिवसांनी इथे येणार.

मी म्हणालो, "घ्या."

"नक्की?"

"थोडी निगा राखावी लागेल. मी आहे की."

ते एवढे खूश झाले की मला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी अदलाबदल झाली आणि त्यांच्या मुलाने दिलेली चांगली, निरोगी सायकल नागपूरला गेली.

पंधरा दिवसही लागले नाहीत. आठव्या दिवशी ते आले, "नाना, कुरकुरते." मी सांधे उघडले, साफ केले, ग्रीस भरलं. पुढच्या आठवड्यात शॉकर खाली बसला. त्यानंतर गिअर सरकायला लागला. ती सायकल अशी की एक ठिकाण धरलं की दुसरं सुटतं. आणि मी, खरं सांगतो, इतक्या सुखात कधी नव्हतो. मंगळवारी आणि शनिवारी ते यायचे हे ठरूनच गेलं. मी दुसरं बाकडं विकत आणलं. ते घरून डब्यात सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी आणायचे, स्वतः केलेली, तिखट कमी. मी तिच्याबरोबर खायला आंब्याचं लोणचं काढायचो. त्या थंडीत कधीतरी आमच्यातलं ‘तुम्ही’ जाऊन ‘तू’ आलं. सुलभाबद्दल मी कोणाशी बोलत नसे, त्याच्याशी बोललो. तोही बोलला. फातिमाला यायचं नाही असं नाही, पण नातवंडं तिला सोडत नाहीत, आणि "मी बोलावलं तर ती तिकडे रडते आणि नाय बोलावलं तर मी इकडे," असं म्हणाला. बोलताना तो सायकलीकडे बघायचा, मीही सायकलीकडे बघायचो. मधे सायकल असली की पुरुषांना बोलता येतं.

फेब्रुवारीत मधला बोल्ट झिजून गेला. हा बोल्ट साधा नसतो, विशेष पोलादाचा असतो. मी तो मापाला मिरजोळ्याच्या लेथवाल्याकडून साध्या लोखंडाचा करून बसवला. तात्पुरता. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. योगायोग असा की त्यांच्याकडे त्या जुन्या मॉडेलचा बोल्टांचा आणि बेअरिंगांचा एक पूर्ण संच पडून होता.

"पाठवू का काका?" तिकडून विचारलं.

तो संच बसला असता तर सायकल दोन वर्षं गप्प राहिली असती.

"कळवतो," मी म्हणालो.

याकूबला सांगितलं, मिळत नाहीत रे, शोधतोय. मार्च गेला. प्रत्येक शनिवारी तो जाताना मी त्या बोल्टला पाना लावून बघायचो. ठीक आहे वाटायचं. पुढच्या आठवड्यात मागवू, असं स्वतःला सांगायचो.

एप्रिलमध्ये एका सकाळी दहाच्या सुमारास याकूबच्या नंबरावरून फोन आला. बोलणारा दुसराच होता. हिंदी बोलत होता, नेपाळी वळणाचं.

"आप नाना हो? ये आदमी गिरा है. फोन में आपका ही नाम ऊपर था."

आंब्याच्या बागेतला राखणदार होता तो. मी दुकान उघडंच टाकलं, रिक्षा केली आणि गोळपला गेलो. सड्यावरून बागेकडे उतरणाऱ्या पायवाटेवर याकूब कडेला बसला होता. राखणदाराने त्याच्या डोक्यावर आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा धरला होता. अंगातला सदरा फाटलेला, डावा खांदा खाली लोंबलेला, तोंड राखेसारखं. सायकल दहा पावलांवर पडली होती, मागचं चाक पुढच्या अंगाला दुमडलेलं. जवळ जायची गरज नव्हती. लांबूनच मला दिसलं, मधला बोल्ट आरपार तुटला होता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

राखणदार म्हणाला, त्याला हाक ऐकू आली तेव्हा दहा वाजले होते. याकूब पडला होता आठला. फोन उडून लांब झाडीत पडला होता; दोन तास त्या तापलेल्या दगडावर तो हाका मारत होता.

खांद्यापासचं हाड आणि मनगट मोडलं होतं. इस्पितळात फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" मी म्हणालो, "शेजारी." का तसं म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. मित्र म्हणायला तोंड झालं नाही एवढं खरं.

दोन दिवसांनी फातिमाभाभी आणि धाकटा मुलगा पोचायचे होते. ते येण्याआधी सांगून टाकायचं ठरवलं. दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. तो उशीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला.

"याकूब, ती सायकल घेऊ नको म्हणून मला सांगायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला."

त्याने गळ्यातला हात जरा सावरून घेतला.

"बोल्टही मिळत होता. पुण्याला. मी मागवला नाही."

"का?"

एवढा साधा प्रश्न.

"तू येत राहशील म्हणून."

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक वाजत होतं. मला वाटलं आता हा ओरडेल, नर्सला बोलावून मला बाहेर काढेल. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

"भाट्याच्या पुलावरनं," तो हळू म्हणाला, "दोनदा मी ती खटारा ढकलत आणली. उन्हाचा. मनात म्हणायचो, नाना तरी भेटेल." मग त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. "नुसता ‘ये’ म्हणाला असतास तर आलो नसतो काय रे?"

मी उठून बाहेर आलो. जिन्यात बसलो. वयाच्या साठाव्या वर्षी माणसाने जिन्यात बसून रडू नये, पण तिथे माझ्यासारखे आणखी दोघे होते, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

घरच्यांना त्याने काही सांगितलं नाही. मुलगा मला हात जोडून म्हणाला, "अंकल, तुम्ही होतात म्हणून." मी मान खाली घातली. फातिमाभाभीने मात्र ठरवून टाकलं. आता एकटं राहायचं नाही, दोह्याला चलायचं. याकूब नाही म्हणाला नाही.

मी त्याची जुनी सायकल तरी परत मिळते का बघावं म्हणून नागपूरला त्या बँकवाल्या साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, "अहो, काय सुंदर गाडी आहे! दीड हजार किलोमीटर झाली असेल, अजून मेकॅनिकचं तोंड बघितलेलं नाही." मी अभिनंदन करून फोन ठेवला.

मे महिन्याच्या शेवटी ते निघाले. मी घरी निरोप घ्यायला गेलो नव्हतो, धीर झाला नाही. स्टेशनला जाणारी गाडी दुकानासमोर थांबली. काच खाली झाली. याकूब उतरला नाही.

"नाना, इकडे ये."

मी फडक्याला हात पुसत गेलो. त्याने उजव्या हाताने माझ्या हातात एक किल्ली ठेवली.

"घर बंद राहिलं की वास धरतं. दर जुम्म्याला जाऊन खिडक्या उघड. तासभर वारा खेळू दे."

"बरं," मी म्हणालो.

"वरच्या मजल्याच्या पण."

"बरं."

गाडी निघाली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

ती डबल शॉकर मी घरी आणली होती. पुण्याहून संच मागवला. मागचा भाग सरळ करून सगळे सांधे नवे केले, शॉकरचं सील मुंबईहून आणून बसवलं. माझ्या आयुष्यात याहून चांगलं काम मी केलेलं नाही आणि ते बघायला कोणी नाही. आता ती जराही आवाज करत नाही. तिच्यावर बसून मी शुक्रवारी दुपारी पूल ओलांडतो. पावसाळ्यात रेनकोट घालून जातो. खालच्या पाच, वरच्या सहा खिडक्या उघडतो. भांडी पालथी आहेत ती तशीच ठेवतो. एका कपाटात त्याच्या टगबोटीचा फोटो आहे, त्यावरची बुरशी पुसतो.

त्यांच्याकडे नमाज झाला की त्याचा व्हिडिओ कॉल येतो. फार बोलणं होत नाही. हात वर पूर्ण जात नाही अजून, असं तो एकदा म्हणाला.

"उघडल्यास?" तो विचारतो.

"उघडल्या."

"वरच्या?"

"वरच आहे मी."

"बरं. दाखव."

मी फोन खिडकीबाहेर धरतो. खाली सुरूची झाडं, पलीकडे वाळू, तिच्यापलीकडे पाणी. माझ्याकडे फोनची पाठ असते, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसत नाही. तिकडून आवाजही येत नाही. कधी वाटतं लाइन कटली असेल, म्हणून मी हाक मारतो, आणि तो म्हणतो, "थांब जरा." मग मी थांबतो. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेतो, आणि तसाच धरून उभा राहतो.